पेठेतल्या भुरट्या चोरांवर कॉमेडी फिल्म करायचीय? इथून सुरुवात करा

पहिलीच शॉर्टफिल्म आहे, पैसे म्हणजे मित्रांनी काढलेली वर्गणी, आणि विषय ठरलाय की जुन्या पुण्यातले तीनचार भुरटे चोर, एक चोरी, आणि मग सगळा गोंधळ. निवड एकदम बरोबर आहे. या प्रकाराला हाणामारी लागत नाही, गाड्या उडवाव्या लागत नाहीत, मोठा चेहरा लागत नाही, चार चांगले नट आणि एक गल्ली मिळाली की काम सुरू होतं. पण कॉलेजच्या पोरांच्या अशा बऱ्याच फिल्म बघण्यात येतात आणि बहुतेक ठिकाणी एकच घोळ दिसतो, प्लॅन कुठेतरी कॅफेत बसून लिहिलेला असतो आणि पेठ नुसती मागे दिसत असते, एक वाडा दाखवला, एक पाटी दाखवली की झालं पुणं. तीच गोष्ट नाशकात शूट केली असती तरी काही फरक पडला नसता.

मला सांगायचंय ते एवढंच, की चोरांचा माल, त्यांची टोळी, त्यांचा पळायचा रस्ता आणि त्यांची फजिती हे सगळं त्या पेठेच्या रचनेतूनच निघालं पाहिजे. खाली पायऱ्या त्याच क्रमाने दिल्यात आणि समजायला सोपं जावं म्हणून एकच गोष्ट शेवटपर्यंत नेलीय. आवडली तर खुशाल वापरा.

१. आधी चाला, मग लिहा

लॅपटॉप उघडायच्या आधी पेठा पायी फिरून काढा. गाडीवरून फिरलात तर वन-वेच्या नादात अर्धं दिसतच नाही. अप्पा बळवंत चौकातून निघा, तपकीर गल्लीतून मंडईकडे या, तिथून रविवार पेठेत बोहरी आळी, मग नाना पेठ, आणि शेवटी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. हाच रस्ता पहाटे एकदा, भर दुपारी एकदा आणि रात्री अकरानंतर एकदा असा चाला, कारण तीनही वेळेला तो वेगळा रस्ता असतो. कुठला बोळ आरपार जातो आणि कुठला मधेच भिंतीला जाऊन संपतो, कुठे दोन टू-व्हीलर समोरासमोर आल्या की एकाला मागे जावं लागतं, कोणाच्या खिडकीतून सगळी गल्ली दिसते, कट्ट्यावर रात्री किती वाजेपर्यंत माणसं असतात, कुत्री कुठे झोपतात, दुधाचा टेम्पो कधी येतो, हे सगळं वहीत लिहा. चोर हेच बघतो. तुमच्या फिल्ममधला चोर पण हेच बघणार आहे.

मग एका मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढा. गुगल मॅपची प्रिंट चालणार नाही, हाताने काढलं की कुठल्या जागेचं आपल्याला काहीच माहीत नाही ते लगेच कळतं. नकाशावर दोन गोष्टी ठळक करा. एक, कुठे काय विकतात, सोन्या मारुती चौकाकडे सराफी, तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकचं सामान, बोहरी आळीत दोर, साखळ्या, कुलपं, हार्डवेअर, भवानी पेठेत लाकूड, आणि बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बाकीचं सगळं. चोरलेली वस्तू शेवटी कुठेतरी खपवायची असते, त्यामुळे तुमचा तिसरा अंक कुठे घडणार ते हा नकाशाच सांगतो. दुसरं म्हणजे रस्त्यांच्या दिशा. शिवाजी रोड शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जातो, बाजीराव रोड त्याच्या उलटा, आणि लक्ष्मी रोड पूर्वेकडून पश्चिमेला अलका टॉकीजच्या चौकाकडे. हे आत्ता किरकोळ वाटेल पण पुढे सगळी गोष्ट याच्यावर उभी राहणारे.

आणि एक, जुनं शहर म्हणजे फक्त वाडे आणि पेशवे असं धरून बसू नका. २०२४ पासून मंडईखालून मेट्रो धावते, वाड्यांच्या जागी सहा मजली बिल्डिंगी आल्यात, तळमजल्यावर मोबाईल कव्हरची दुकानं आहेत. आजची पेठ दाखवा.

२. चोरायचं काय

नवीन लेखक इथे हिरा किंवा नोटांची बॅग घेतात. हिरा खिशात मावतो, बॅग खांद्याला लागते, मग गंमत करायला उरतं काय? या प्रकारच्या गोष्टीत माल असा घ्या की त्याची किंमत मध्यम आणि त्रास प्रचंड. मोठा, जड, लपवता न येणारा, आणि बघताक्षणी कोणालाही ओळखू येणारा.

आपल्या उदाहरणात माल आहे वाड्याच्या मुख्य दरवाजाचं एक सागवानी कवाड. सदाशिव पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय, भाडेकरू बाहेर पडलेत, अर्धा वाडा पाडून झालाय, देवडी तेवढी उभी आहे. बिल्डरने भाडेकरूंना सांगितलंय की दार म्युझियमला देणार, आणि प्रत्यक्षात ते एका रिसॉर्टवाल्याला विकलंय. म्हणजे ज्याच्याकडून चोरायचं त्याच्याबद्दल प्रेक्षकाला फार वाईट वाटणार नाही, ही काळजी लेखकाने घ्यायलाच पाहिजे, म्हातारीची पेन्शन चोरणाऱ्याबरोबर कोणी हसत नाही.

कवाडच का, तर त्यात दिंडी आहे. जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात माणसाने वाकून आत जायचं छोटं दार असतं ना, ते. आता विचार करा, चार जण भर रस्त्यात ते कवाड आडवंउभं करत नेतायत, दमून जरा उभं करून धरलंय, आणि पलीकडून एक आजोबा शांतपणे दिंडीची कडी काढतात, वाकून आरपार जातात आणि परत कडी लावून घेतात. हा विनोद संवादात लिहून मिळत नाही, तो त्या वस्तूतच आहे. माल निवडताना स्वतःला हाच प्रश्न विचारा, की ही वस्तू नुसती रस्त्यात उभी केली तर काय काय होऊ शकतं? पाच गोष्टी सुचल्या नाहीत तर वस्तू बदला.

३. टोळी

चारच जण ठेवा. एकतर अर्ध्या तासाच्या फिल्ममध्ये चारपेक्षा जास्त माणसं प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाहीत, आणि दुसरं, यात एक छान कायद्याचा धागा मिळतो. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा होतो, पूर्वी आयपीसीत होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१० आहे. आपल्या टोळीतल्या एकाला हे अर्धवट माहितीये. इथे जबरी वगैरे काही नाहीये, साधी चोरी आहे, तरी तो पूर्ण फिल्मभर पाचव्या माणसाला हात लावू देत नाही. दार जड झालंय, रस्त्यातला माणूस मदतीला येतोय आणि हा ओरडतोय, "नको नको, पाचवा नको!"

चौघं असे. शरदकाका, रिटायर सुतार, बिजागरी आणि लाकडाच्या सांध्यांचं काम त्यांच्याएवढं कोणाला कळत नाही, पण काम वाईट झालेलं बघवत नाही, चोरी करता करता दाराचा निखळलेला खिळा ठोकून बसवतात. पिंट्या, टेम्पोवाला, टेम्पोचे हप्ते थकलेत. सोनल, याच वाड्यात लहानाची मोठी झालेली, आता आजीबरोबर धायरीला फ्लॅटमध्ये राहते, वाड्याचा कोपरान्‌कोपरा पाठ. आणि विज्या, जो तडीपार आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं, तर हा पुण्यात दिसलाच नाही पाहिजे, आणि हा वाढलाय पेठेत जिथे दर दहा पावलांवर कोणीतरी "अरे विज्या, कधी आलास?" विचारतं.

बघा, प्रत्येकाला एक खरं कौशल्य आणि एक अशी दुखरी जागा की पेठ बरोबर तिथेच बोट ठेवेल. त्यांना मूर्ख करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मूर्ख माणूस आपटला की प्रेक्षक एकदा हसतो. आपल्या कामात हुशार असलेला माणूस शेजाऱ्याच्या चांगुलपणामुळे आपटला की शेवटपर्यंत हसतो, आणि त्याच्यावर जीवही लावतो.

४. प्लॅन कधी सांगायचा, कधी लपवायचा

याला एक जुना आणि पक्का नियम आहे. प्लॅन प्रेक्षकाला आधी पूर्ण सांगितलात तर तो फसला पाहिजे. आणि प्लॅन यशस्वी होणार असेल तर आधी सांगायचा नाही, होतानाच दाखवायचा. आधी सांगितलं आणि तसंच घडलं तर प्रेक्षक तीच गोष्ट दोनदा बघतो आणि मोबाईल काढतो.

आपल्या गोष्टीत दोन चोऱ्या आहेत त्यामुळे दोन्ही वापरता येतं. पहिली चोरी, गणपतीतली एक रात्र, प्लॅन सविस्तर सांगितलाय, शरदकाका चहाच्या ग्लासांनी टेबलावर वाडा मांडून दाखवतात, टेम्पो कुठे, सोनल कुठे, वॉचमन कधी चहाला जातो. दार निघतं सुद्धा. पण गल्लीच्या तोंडाशी मंडळाचे कार्यकर्ते भेटतात, त्यांना वाटतं हे मांडवाचं सामान, कारण गणपतीत रात्री दोन वाजता चार माणसं लाकडी दार घेऊन चाललीयेत यात पेठेत कोणालाच काही वावगं वाटत नाही. इथपर्यंत प्लॅनमध्ये धरलेलंच होतं. धरलं नव्हतं ते हे, की कार्यकर्ते मदतीला येतात, दार उचलतात आणि नेऊन आपल्या ऐतिहासिक देखाव्यात उभं करतात. "काका, आत्ता पोचवलंत, तुमचे लई उपकार." आता काय बोलणार?

दुसरी चोरी अनंत चतुर्दशीला, मांडवातून तेच दार परत काढायचं. हिचा प्लॅन सांगायचा नाही.

५. अडथळे पेठेतलेच हवेत

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, हीच फिल्म आहे.

गणपतीत संध्याकाळपासून मध्यभागातले रस्ते गाड्यांना बंद असतात, म्हणजे टेम्पो आत आणायचा तर आधीच आणून उभा करावा लागतो. आता पेठेतलं पार्किंग, बऱ्याच रस्त्यांवर विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला. पिंट्या शिस्तीचा माणूस, रात्री बारा वाजले, तारीख बदलली, त्याने टेम्पो समोरच्या बाजूला लावला. पण काल होती ३१ आणि आज १, दोन्ही विषम. सकाळी चाकाला जॅमर. २०२५ चे गणपती २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर होते, म्हणजे ही रात्र उत्सवाच्या मधोमध येते, ओढूनताणून आणलेली वाटत नाही. असे अडथळे शोधा, जे इथल्या माणसाला बघताक्षणी पटतील आणि बाहेरच्यालाही समजतील.

मग सगळ्यात मोठा. विसर्जन मिरवणूक मंडईतून निघते, बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला लागते आणि पश्चिमेला अलका चौकाकडे, पुढे नदीकडे जाते, ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. टिंबर मार्केट आहे पूर्वेला. म्हणजे सगळं शहर एका दिशेला चाललंय आणि आपले चौघं नऊ फुटाचं दार घेऊन बरोब्बर उलट्या दिशेला. पहिल्या पायरीत नकाशावर बाण काढायला सांगितले ते याच्यासाठी. ढोल पथक समोरून येतंय, बोळात शिरावं तर दार वळत नाही, थांबावं तर बंदोबस्तावरचा हवालदार विचारतो, आणि विज्याला तोंड लपवायला दाराशिवाय काही नाही. आणि एवढं करून भवानी पेठेत पोचतात तर विसर्जनामुळे सगळी लाकडाची दुकानं बंद.

शेवट कसा करायचा? माल चोरांकडे राहता कामा नये आणि बिल्डरकडेही जाता कामा नये. माझ्या मते दार त्या बंद दुकानासमोर सोडावं लागतं, पण पहिल्या रात्री सोनलने दिंडीची पितळी कडी काढून पिशवीत टाकलेली असते, तेवढीच धायरीला आजीकडे पोचते. आजोबांच्या दिंडीच्या गमतीत प्रेक्षकाला ती कडी नीट दिसली पाहिजे म्हणून तिथे एक क्लोजअप घ्या, आणि मग पहिल्या रात्रीऐवजी या प्रसंगानंतर कडी निघायला हवी हे तुमच्या लक्षात आलंच असेल. असे क्रम कागदावर परत परत तपासायचे, शूटच्या दिवशी सापडले तर उशीर झालेला असतो.

आता काय टाळायचं ते. दुकान एक ते चार बंद, खोचक पाट्या, तिरकस बोलणारे सदाशिव पेठी काका, हे तीन विनोद लोकांनी इतक्यांदा ऐकलेत की पडद्यावर आले की प्रेक्षागृह थंड होतं. आणि भुयार. प्रत्येक नवीन ग्रुपला भुयार हवंच असतं. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारी जमिनीखालची पेशवेकालीन योजना खरी आहे, नानासाहेब पेशव्यांच्या काळातली, तिचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली तोंडं, आणि हौद अजून काही ठिकाणी दिसतात. पण त्यात नट उतरवणं धोक्याचं, सेट लावणं महाग, आणि गोष्टीतली माणसं एकदा जमिनीखाली गेली की पेठ संपली, शेजारी संपले. फारतर विज्याला त्यावर ठाम विश्वास असू दे आणि तो प्रत्येक संकटात भुयाराचा रस्ता सुचवू दे.

हद्दीच्या विनोदाचंही जपून. हा रस्ता फरासखान्याचा का विश्रामबागचा यावर दोन पोलीस वाद घालतायत असा सीन बरेच जण लिहितात, पण नवीन कायद्याने गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची असते, आणि तुमची गोष्ट २०२५ मध्ये घडतीये. लिहायचाच असेल तर वाद दोन मंडळांच्या हद्दीचा लिहा, तो जास्त खरा वाटतो.

६. बोलणं

नटांना एकच सूचना, यातल्या कोणालाच आपण विनोदी आहोत हे माहीत नाही. दार सरळ धरा म्हटल्यावर शरदकाका "सरळच आहे, रस्ता वाकडा आहे" म्हणतात ते सुताराने माप सांगावं इतक्या गंभीरपणे. संवाद कमी ठेवा. सगळे एकच भाषा बोलू नका, पश्चिमेकडच्या पेठांमधलं मराठी वेगळं आणि भवानी, गंज, नाना पेठेतलं वेगळं, तिकडे मराठी-हिंदी-दखनी एका वाक्यात येते, पिंट्या तिकडचा असेल तर तसंच बोलू द्या. तिथे खरंच राहणारा नट मिळाला तर निम्मे संवाद त्याच्याकडूनच घ्या.

नट शोधायला लांब जायची गरज नाही. पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक या कॉलेजच्या स्पर्धांत काम केलेली मुलं शहरात भरपूर आहेत, कमी जागेत टायमिंग सांभाळायची त्यांना सवय असते. फक्त आवाज खाली आणायला शिकवावं लागतं, स्टेजवरचं प्रोजेक्शन क्लोजअपमध्ये फार मोठं दिसतं. काकांच्या वयाचे नट हौशी नाट्यसंस्थांमध्ये मिळतात, त्यांना आदराने विचारा, जेवणखाण आणि रिक्षाचे पैसे ठरवून द्या, फुकटात राबवू नका.

७. जागा आणि परवानग्या

हे कंटाळवाणं आहे पण एक दिवस जरी शूट बंद पडलं तरी वर्गणी संपते. वाडा खासगी असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या आणि आत राहणाऱ्या भाडेकरूंचीही, कारण बऱ्याच वाड्यांचे वाद कोर्टात चालू असतात आणि मालकाने हो म्हटलं म्हणून भाडेकरू ओसरीवर ट्रायपॉड लावू देतीलच असं नाही. रस्त्यावर काही करायचं तर महापालिका, स्थानिक पोलीस ठाणं आणि वाहतूक अडणार असेल तर वाहतूक शाखा. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, मेट्रोची परवानगी पुन्हा वेगळी, दोन्ही पहिल्या फिल्मला टाळलेलं बरं. ड्रोनचा हट्ट सोडा, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, नियम कडक आहेत, आणि वरून बघितलं की गल्लीची अडचणच दिसत नाही.

हवालदाराचा ड्रेस घातलेला नट असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा, आणि तो ड्रेस घालून त्याला चहाला टपरीवर पाठवू नका. चोरीचा सीन रात्री उघड्यावर करत असाल तर आजूबाजूच्या घरांमध्ये स्वतः जाऊन सांगून या, नाहीतर कोणीतरी खरंच ११२ ला फोन करेल.

सुरक्षेचं गंभीरपणे घ्या. पावसाळ्याच्या आधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, असा वाडा असेल तर शूट नकोच. चांगल्या वाड्यातही जुन्या माडीवर पंधरा माणसं आणि लाइट एकदम चढवू नका. जिने अरुंद आणि चढे असतात, वर कॅमेरा नेणारा आणि खाली येणारा असे दोघं एकावेळी नकोत.

८. दार बनवणं

खरं सागवानी कवाड चौघांनाही झेपणार नाही, आणि पडलं तर पाय मोडेल. नाटकाचं नेपथ्य करणाऱ्यांकडून लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर प्लायवूड असं बनवून घ्या, दिंडी खरी उघडणारी पाहिजे, कडी खरी पितळेची, ती जुन्या बाजारात बघा. मात्र दार अगदी हलकंही नको. थर्माकोलचं दार उचलणारा नट कितीही चांगला असला तरी त्याच्या मनगटात आणि मानेत वजन दिसत नाही आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं. खालच्या बाजूला आतून वाळूच्या छोट्या पिशव्या बसवून घ्या, लांब अंतराच्या शॉटला काढता येतील अशा. आणि दार बनवायच्या आधी तेवढ्या मापाची चौकट पट्ट्यांची बांधून ठरवलेल्या बोळातून एकदा नेऊन बघा. कुठे अडकतं ते बघूनच सीन लिहा.

९. शूट

विनोदाला लांबचा शॉट द्या. चौघं, दार आणि गल्ली एका फ्रेममध्ये दिसले पाहिजेत आणि शक्य तितका वेळ कट करू नका, दिंडीचा प्रसंग पाच तुकड्यांत कापलात तर तो मरतो. अरुंद जागेत २४ मिमीच्या आसपासची लेन्स किंवा फोनचा साधा मुख्य कॅमेरा पुरतो, अल्ट्रावाइडने कडा वाकतात आणि दार धनुष्य झालेलं दिसतं. २५ फ्रेमवर, शटर १/५० ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ आहे, रस्त्यावरच्या दिव्यांचा आणि दुकानातल्या ट्यूबचा फ्लिकर त्यामुळे बराच टळतो. दिशेचं भान ठेवा, पूर्व नेहमी फ्रेमच्या उजवीकडे असं पहिल्या दिवशीच ठरवून टाका, म्हणजे मिरवणूक उजवीकडून डावीकडे आणि आपले चौघं डावीकडून उजवीकडे. हे एकदा चुकलं की उलट दिशेची सगळी गंमत प्रेक्षकाला कळतच नाही.

खरी मिरवणूक वापरायची असेल तर तिला पार्श्वभूमी म्हणूनच घ्या. विसर्जनाच्या गर्दीत नऊ फुटाचं दार नेऊ नका, चेंगराचेंगरीचा प्रश्न आहे, आणि लोकांच्या श्रद्धेचाही. गर्दीचे शॉट आधी वेगळे घ्या, उंचावरून, एखाद्याच्या गॅलरीतून परवानगी काढून. नटांसकटचे शॉट नंतर बोळात, ओळखीच्या ढोल पथकातले दहाबारा जण बोलावून घ्या, टाइट फ्रेममध्ये तेवढे पुरतात.

आवाजाकडे नवीन लोकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं. पेठेत शांतता पहाटे चारपाचला मिळते, नाहीतर हॉर्न, प्रेशर कुकर, मंदिराची घंटा काहीतरी असतंच. प्रत्येक नटाला कॉलर माइक लावा, प्रत्येक जागेचा रिकामा आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करा, आणि दाराची करकर, कडीचा आवाज, दार खाली ठेवतानाचा धप्प हे शांत खोलीत जवळून घ्या. वजन कानालाच कळतं.

वाड्याच्या चौकात भर दुपारी उजेड सरळ वरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. तेव्हा नटांना ओसरीत सरकवा आणि चौकातल्या फरशीवर पांढरी चादर टाका, सुंदर उजेड परत येतो.

१०. एडिट आणि दाखवणं

पहिला कट निम्म्याने लांब होतो, घाबरू नका. टोळी जमवायचे सीन आधी कापा, तिथेच सगळे जास्त वेळ घालवतात. दार पाचव्या मिनिटाच्या आत दिसलं पाहिजे. गमतीनंतर लगेच संगीत वाजवू नका, हसायला दोन सेकंद मोकळे सोडा. मिरवणुकीच्या शॉटमध्ये मागे डीजेवर सिनेमाची गाणी वाजत असतील तर तो आवाज पूर्ण काढा, यूट्यूबवर कॉपीराइट क्लेम येतो, त्याजागी स्वतः रेकॉर्ड केलेला ढोल-ताशा टाका.

कट दाखवायचा तो आधी ज्यांना स्क्रिप्ट माहीत नाही अशा पाचसहा जणांना, त्यातला एक तरी पुण्याबाहेरचा हवा. तुम्ही मागे बसा आणि पडद्याऐवजी त्यांच्याकडे बघा. बाहेरच्या माणसाला मिरवणुकीची दिशा न सांगता समजली का, जॅमरचा विनोद त्याला लागला का, हे नंतर त्याच्या तोंडून ऐका. नसेल लागला तर टेम्पो हलवायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक शॉट घाला, संवाद वाढवू नका.

यूट्यूबला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही, थिएटरात तिकीट लावून दाखवायची तर लागतं. फेस्टिव्हलला पाठवताना इंग्रजी सबटायटल लागतातच, ते घाईत करू नका, "कधी आलास?" हे विज्याला घाबरवणारं वाक्य आहे हे भाषांतरात पोचलं पाहिजे, त्यामुळे ज्याने संवाद लिहिलेत त्यानेच सबटायटल तपासावेत. आणि ज्या वाड्यात, ज्या बोळात शूट केलंत तिथल्या लोकांची नावं त्यांना विचारून, स्पेलिंग तपासून श्रेयनामावलीत घाला, दाराच्या सुतारापासून ज्यांनी गॅलरी दिली त्यांच्यापर्यंत सगळी.